मे महिन्यात भरलेली विहीर

नऊ मे. उद्या सोसायटीची खालची टाकी धुणार आहेत, म्हणून आज दुपारपासून मी पाणी भरून ठेवते आहे. दोन पिंपं झाली, चार बादल्या झाल्या, तीन कळश्या, दोन्ही कुकर, आणि आता इडलीचं मोठं पातेलं नळाखाली आहे. एव्हरशाईन सिटीत इतकी वर्षं काढल्यावर हे काम हात आपोआप करतात, डोकं मोकळं राहतं, आणि मोकळं डोकं ही काही फार चांगली गोष्ट नाही. खाली टँकर आला की जाड नळीतून टाकीत पाणी कोसळण्याचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत येतो. शेजारणी तो आवाज ऐकून खूश होतात. मी खिडकी लावून घेते. कुणी विचारलं तर धूळ येते म्हणून सांगते. खरं कारण सांगायला बसलं तर भाजी करपेल, म्हणून ते इथे लिहून टाकते.

आमची वाडी वसई गावाच्या अलीकडे, समुद्राच्या अंगाला होती. घर कौलारू, पुढे ओटी, ओटीच्या भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि तिच्याखाली चोवीस तास जळणारा लाल बल्ब. मागच्या दारातून बाहेर पडलं की विहीर, विहिरीपलीकडे पानवेली, मग केळी, आणि कुंपणाच्या कडेने अबोली. मी आणि आई उजाडताना अंगठ्याला पत्र्याचं नख चढवून पानं खुडायला जायचो. खुडताना होणारा तो बारीक टक्-टक् आवाज, चर्चची सकाळची घंटा आणि पंपाची घरघर, एवढ्या तीन आवाजांवर आमची सकाळ चालायची. पंपाआधी विहिरीवर रहाट होता. त्याची कुरकुर मला आठवते असं मी पुष्कळांना सांगितलं आहे, पण ती बहुधा आईने तोंडाने काढून दाखवलेली कुरकुर असावी. घरात आम्ही आमची बोली बोलायचो. ती जशीच्या तशी लिहिली तर माझ्या मुलीलाही कळणार नाही, म्हणून सगळ्यांना समजेल अशी करून लिहिते आहे.

जेवण साधं. तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलाचं कालवण, केळफुलाची भाजी, पावसाळ्यात सुकटीची चटणी. सणाला आई फुगे, म्हणजे मैद्याचे टम्म फुगणारे गोळे, तळायची. पण आमच्या घरी आलेला पाहुणा पहिलं कौतुक करायचा ते पाण्याचं. आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजते, अशी ख्याती होती. विहीर आजोबांनी खणायला घेतली आणि अर्ध्यावर टाकून ते वारले. उरलेली अर्धी माझ्या मोठ्या काकांनी पुरी केली. बस्त्याव त्यांचं नाव, आम्ही बस्तूकाका म्हणायचो. तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. आत उतरायला एकोणीस दगडी पायऱ्या होत्या, त्यांतल्या खालच्या बारा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवल्या होत्या. मग ते मालवाहू जहाजावर लागले, आधी भांडी घासायला, पुढे तिथेच भंडारी, म्हणजे जहाजावरचे स्वयंपाकी, झाले. लग्न केलं नाही. वाडी त्यांनी माझ्या वडिलांवर, म्हणजे त्यांच्या धाकट्या जोसूवर सोपवली. दर दोनेक वर्षांनी जहाज मुंबईला लागलं की ते दोन दिवस घरी यायचे, आणि परत जाताना विहिरीच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन घेऊन जायचे. जहाजावर पहिल्या दिवशीचा भात ते त्या पाण्यात शिजवायचे. सगळ्या खलाशांना वाढायचे, पण का ते कुणाला सांगायचे नाहीत.

मी कॉलेजात जायला लागले त्या सुमाराला माणिकपुरात आणि रेल्वेच्या पलीकडे इमारती उभ्या राहायला लागल्या. इमारतींना नळ होते, नळांना पाणी नव्हतं. आमच्या विहिरीचं पाणी विकत न्यायला पहिला टँकर फाटकाशी आला तेव्हा आईने ड्रायव्हरला सरबत दिलं. पप्पा म्हणाले, "पाऊस पडला का भरंल परत." पहिल्या वर्षी भरली, दुसऱ्या वर्षीही भरली. पंप दिवसभर चालायचा. घरात फ्रिज आला आणि आम्ही त्यात बाटल्यांतून विहिरीचंच पाणी गार करून प्यायला लागलो, याचं तेव्हा कुणाला हसू आलं नाही. शेजारच्या पाचही वाड्यांत हेच चाललं होतं. गावाच्या कडेचं जुनं बावखल, म्हणजे पावसाचं पाणी साठवून आजूबाजूच्या विहिरींना आतून पुरवणारं तळं, ते इमारतींच्या डबराने बुजवलं गेलं. विरोधात मोर्चे निघायचे. पप्पा मोर्च्यात जायचे आणि घरी येऊन पंप चालू करायचे.

तिसऱ्या वर्षी चहा फाटला. आई दूधवाल्यावर खवळली. चार दिवस ती फाटकाशी उभी राहून त्याला फैलावर घेत होती, आणि तो बिचारा "आवशी, आमच्या म्हशीची शपथ" करत होता. पाचव्या दिवशी तिने शेजारच्या वाडीतून कळशीभर पाणी आणून त्यात चहा टाकला. तोही फाटला. दूध चांगलं होतं, पाणीच खारं झालं होतं; आई माझ्याकडे बघून नुसती खुर्चीवर बसली. पानवेलींची पानं कडेने तपकिरी पडायला लागली. विहिरीत एक कासव होतं, बस्तूकाकांनी सोडलेलं. ते कधी दिसेनासं झालं ते मला सांगता येणार नाही, कारण आम्ही विहिरीत बघणंच सोडलं होतं. बटण दाबलं की पाणी यायचं, वाकून बघायचं कारण काय?

उपसा वाढला तसं समुद्राचं पाणी आतून विहिरींत शिरलं होतं, आणि त्या खाऱ्या पाण्याच्या मागोमाग पांढरे बूट घातलेला एक बिल्डर आला. वाडी दोन्ही भावांच्या नावावर होती, दोघांच्या सह्या हव्या होत्या. पप्पांची तयारी झाली होती. मला मात्र वाडी जायला नको होती. यात काही थोर भावना नव्हती. मला पानांचं काम येत होतं, दुसरं काही येत नव्हतं, आणि ज्या मुलींना दुसरं काही येत नाही त्यांचं काय होतं ते मी आसपास बघत होते. अशात काकांचं पत्र आलं. त्यांचं अक्षर मोठं आणि वळणाचं होतं. पत्र मी ओटीवर वाचून दाखवलं. जहाज मेमध्ये मुंबईला लागतंय. कंपनी अजून दोन वर्षं ठेवायला तयार आहे, पण ही शेवटची फेरी करावी असं वाटतं. मडगावचा एक सोबती त्याच्याकडे राहायला बोलावतो आहे. पण मन वाडीकडे ओढतं. "दोन दिवस येतो, विहीर बघतो, मग ठरवतो," एवढं लिहून खाली सगळ्यांना आशीर्वाद होते.

पप्पांचा चेहरा पडला. "दादा माझा जीव घेल," ते म्हणाले. मला वाटलं, काका राहिले तर सही होणार नाही, सही झाली नाही तर वाडी राहील. पण खारी विहीर बघून ते कशाला राहतील? एकदा ते राहायला आले, सामान उतरलं, की मग हळूहळू सांगता येईल. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि मला हा हिशोब अगदी चोख वाटत होता. मी म्हणाले, "पप्पा, विहिरीत टँकर ओतू."

आई म्हणाली, "येडी का काय तू?" पण पप्पा माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मी वकील होऊन आले आहे.

शुक्रवारी आम्ही पंप लावून विहीर तळापर्यंत उपसली आणि खारं पाणी रस्त्याकडेच्या गटारात सोडलं. शनिवारी सकाळी टँकर आला. चिंचोटीच्या बाजूला, डोंगराखाली कुणाची तरी विहीर होती, तिथून तो भरून आणायचा होता. ड्रायव्हर गणपत तीन वर्षं आमच्याच विहिरीतून पाणी नेत होता. त्याने नळी विहिरीत सोडली आणि पोट धरून हसला. "काय ताई, आजवर हिच्यातनं उपसलं, आता उलटं? रिव्हर्स गिअर टाकला काय?"

"तुला काय करायचंय? ओत," मी म्हणाले.

"ओततो की. पण धरून ठेवेल काय विहीर? बिल्डिंगच्या टाकीला बूड असतं, हिला नाय."

कोरड्या दगडांवर पाणी आदळण्याचा तो आवाज. विहीर पोकळ होती, त्यामुळे आवाज वर येताना मोठा होऊन यायचा. शेजारच्या वाडीतल्या बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या आणि काही न विचारता परत गेल्या. त्यांच्याही विहिरी खारट होत्या, त्यांना विचारण्यासारखं काही नव्हतं. दुपारपर्यंत दोन खेपा झाल्या. पप्पा सारखं म्हणत होते, "अजून टाक, भरपूर दिसाया पायजे." तिसरी खेप यायची होती आणि बारा वाजता फाटकाशी रिक्षा थांबली. बस्तूकाका वेळेच्या आधी आले होते.

ते वाळले होते. पांढरा शर्ट, चकचकीत काळे बूट, हातात निळी बॅग आणि तो पाच लिटरचा रिकामा कॅन. मी आणि आई आशीर्वाद घ्यायला वाकलो, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, आणि हात काढायच्या आत त्यांची नजर मागच्या दाराकडे गेली. आईने चपळाई केली. "आदी जेवा भावजी, कालवण गार होतंय." जेवताना पप्पा एकदाही वर बघत नव्हते. पाणी प्यायला आईने दुकानातून आणलेल्या, विकतच्या बाटलीतल्या पाण्याने तांब्या भरला होता. काका ते प्यायले, तोंडात थोडं घोळवलं. हात धुऊन ते उठले तसे पप्पा म्हणाले, "दादा, फिलूला किल्ला दाखवून आन ना. कॉलेजात शिकते आनि सगळा किल्ला बगितला नाय तिनं." मी त्या किल्ल्यात शंभरदा गेले होते. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग पप्पांकडे. "चल," ते म्हणाले.

अशा रीतीने, गणपतला तिसरी खेप ओतायला वेळ मिळावा म्हणून, मी मे महिन्याच्या उन्हात माझ्या काकांना दुपारभर त्यांच्याच गावात प्रवाशासारखी फिरवत राहिले. आधी बंदरावर नेलं. पाचूबंदरला बायका बोंबील वाळत घालत होत्या, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकत. त्यातली एक माझ्या ओळखीची होती, बाजारात आमच्या शेजारी बसायची. तिने लांबूनच हाक मारली, "काय गो फिलू, हा बूटवाला नवरा कुटून आनलास?"

"काका आहेत माझे! जहाजावर असतात."

"मंग दे आमाला! आमचा तर बोटीवरनं येतो नि खाटेवर पडतो. ह्यो निदान रांदतो तरी का?"

"रांधायचंच काम करतो बाई," काका म्हणाले. सगळ्या बायका हसल्या, काकाही हसले. त्या दोन दिवसांत ते हसलेले मी तेवढेच पाहिले.

मग किल्ल्यात. छप्पर नसलेल्या एका जुन्या चर्चमध्ये आम्ही सावली बघून बसलो. जमिनीत थडग्यांचे दगड होते, त्यांवरची अक्षरं पायांनी घासून गुळगुळीत झाली होती. काकांनी बूट काढले, मोजे आत कोंबले आणि पाय त्या गार दगडावर टेकवले. बंदरांच्या गोष्टी सांगायला लागले, पण त्यांच्या गोष्टींत शहरं नसायची, पाणी असायचं. मोम्बासाचं पाणी जड, पोटात बसतं. कोलंबोचं हलकं. एडनच्या पाण्यात चहा करायचा तर पत्ती दुप्पट लागते. जहाजात बंदराबंदराला पाणी भरतात, आणि नवं पाणी आलं की भंडारी आधी चाखतो, कारण त्याच्यावर सगळ्यांची पोटं असतात. डोळे बांधून दिलं तरी सांगेन कुठलं पाणी, असं ते म्हणाले. हे ऐकून मी सावध व्हायला हवं होतं. झाले नाही. मी घड्याळ बघत होते.

"सगळे पाय दुखेपर्यंत फिरतात आनि मग एका जागी बसतात," ते थडग्याच्या दगडाकडे बघत म्हणाले. "मला रहाट परत बसवायचाय. जोसूला पंप आवडतो, आवडू दे. मी माझ्या वाटनीला रहाट बसवीन." मग माझ्याकडे वळून त्यांनी सरळ विचारलं, "फिलू, विहीर कशी हाय?"

आवाज हलका होता, घाई नव्हती. आज मला वाटतं, त्यांना अर्धं तरी ठाऊक होतं. आल्यापासून त्यांनी पानवेलींची पानं बघितली होती, विकतचं पाणी प्यायले होते, आणि मला एकटीला, घरापासून लांब, सांगायची संधी दिली होती. मी म्हणाले, "आहे तशीच आहे काका."

"बरं," ते म्हणाले आणि मोजे घालायला लागले.

परतताना आमच्या वळणावर टँकर समोरून आला. मागून पाणी ठिबकत होतं. गणपतने मला बघून हात हलवला आणि अंगठा वर केला. मी दुसरीकडे बघितलं. वाडीच्या वाटेवर ओल्या चाकांचे दोन पट्टे थेट विहिरीपर्यंत गेले होते. काका त्या पट्ट्यांच्या मधून चालत गेले.

विहिरीशी त्यांनी बूट काढून बाजूला ठेवले आणि पायऱ्या उतरायला लागले. पाचव्या पायरीवर पाणी लागलं. ते तिथे थांबले. इतका वेळ थांबले की पप्पा वरून म्हणाले, "औंदा पान्याला बरकत हाय दादा."

"मे महिना ना हा?" काकांनी विचारलं.

"हो ना."

काकांनी खिशातून पावाचा तुकडा काढला, दुपारच्या जेवणातला होता, आणि चुरून पाण्यावर टाकला. कासव पावासाठी वर यायचं. चुरा पाण्यावर पसरला आणि तसाच तरंगत राहिला. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत होतो. पप्पा म्हणाले, "झोपलं असंल." मग काकांनी ओंजळ भरली, पाणी तोंडात घेतलं, जिभेवर घोळवलं आणि गिळलं. आणखी एक ओंजळ घेतली. वर येऊन रुमालाने तोंड पुसलं.

"गोड हाय," ते म्हणाले.

पप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचे खांदे खाली आले. त्या संध्याकाळी आईने फुगे तळले. पप्पा पुष्कळ बोलले, जुन्या आठवणी काढल्या, रहाटासाठी लाकूड कुठे मिळेल तेसुद्धा सांगितलं. मी मनात पानवेलींच्या नव्या वाफ्यांच्या जागा ठरवत होते. काका मान हलवत होते, ताटातलं सगळं संपवत होते. रोझरीच्या वेळी ते आमच्याबरोबर गुडघ्यांवर बसले. शेवटी पप्पांनी घरातल्या सगळ्यांसाठी प्रार्थना म्हटली, त्यात विहिरीचंही नाव घेतलं. काकांनी "आमेन" म्हटलं नाही. मला वाटलं, दमले असतील.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली, जेवण झालं, काकांनी आपला कॅन घेतला आणि स्वतः विहिरीत उतरून भरून आणला. राहायचं काय, कधी उतरणार जहाजावरून, हे पप्पांनी दोनदा विचारायचा प्रयत्न केला. "कळवतो," एवढंच ते म्हणाले. मी त्यांना वसई रोड स्टेशनला सोडायला गेले. माणिकपूरच्या नाक्यावर रिक्षा सोडून त्यांनी दोन उसाचे रस मागवले, पण स्वतःचा ग्लास हातात तसाच धरून ठेवला.

"कामनचं का चिंचोटीचं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"पानी. डोंगराचं हाय. आनि मागून लोखंड लागतं जिभेला, ते टँकरचं."

मी ग्लास खाली ठेवला. "चिंचोटीचं."

"मे महिन्यात आपलं पानी तेराव्या पायरीवर असतं फिलू. तू जन्मायच्या आदीपासून. पाचव्या पायरीवर भर पावसात पन कदी आलं नाय. तुमी दोगांनी पायऱ्या पन मोजल्या नाय?"

मोजल्या नव्हत्या. ज्यांच्या दारात विहीर आहे, ज्यांनी तिचं पाणी जन्मभर प्यायलं, त्या आम्ही दोघांनी विहीर भरताना ती मे महिन्यात कुठपर्यंत असते याचा विचारही केला नव्हता. इतकी वर्षं आम्ही फक्त बटण दाबत होतो.

"पप्पांना काही बोलू नका," मी म्हणाले. "कल्पना माझी होती."

"ठाऊक हाय. जोसूला येवढी अक्कल नाय."

"तुम्ही राहावं म्हणून केलं काका. खारी झालेली बघून तुम्ही राहिला नसता."

त्यांनी ग्लास गाडीवर ठेवला. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट अगदी सपाट झाला होता, जहाजावर कुणाला काम समजावून सांगत असावेत तसा. "खारी झाली म्हनून सांगितलं असतंस ना, तर राहिलो असतो. खाऱ्या विहिरीला काय लागतं ते मला येतं. पंप बंद ठेवायचा, बावखल पुन्हा खनायचं, चार पावसाळे थांबायचं. माझ्याजोगं काम होतं. भरलेल्या विहिरीशी मी काय करू? रोज सकाळी उठून तुमच्याबरोबर खोटं पीत बसू?" मग ते म्हणाले, "किल्ल्यात विचारलं होतं मी तुला."

मी रडले नाही. मला नेहमी उशिरा रडू येतं, आणि तोपर्यंत बहुतेक काम पुढे आलेलं असतं.

"जोसूला सांग, कागद पाठव. सही करतो." मग त्यांनी पाण्याचा कॅन उचलला आणि माझ्या हातात दिला. "हे घरी ने. उन्हाचे दिवस हायेत, वाया घालवू नको." ते पुलाच्या जिन्याकडे गेले. बूट चकचकीत होते, पाठ जरा वाकली होती. मी कॅन घेऊन रिक्षात बसले.

त्यांनी सही केली. पुढची दोन वर्षं जहाजावर काढून ते मडगावच्या सोबत्याकडे गेले आणि तिथेच वारले. अंत्यविधीला मी एकटी गेले. त्यांच्या खोलीत एक खाट, एक क्रूस आणि खिडकीत पाण्याने भरलेली काचेची बाटली होती. कुठलं पाणी ते कुणाला सांगता आलं नाही. वाडीवर चार मजली इमारत आहे, विहीर तिच्या गाड्यांच्या जागेखाली स्लॅब टाकून बुजवली. त्या इमारतीलाही टँकर लागतो. मी पुढे टायपिंग शिकले, नोकरी केली, लग्न केलं, या फ्लॅटमध्ये आले. म्हणजे दुसरं काही न येणाऱ्या मुलीचं काय होतं हे मला कळलं: ती दुसरं काहीतरी शिकते. एवढंच त्यावेळी मला माहीत असतं तर मी किल्ल्यात खरं बोलले असते का? माहीत नाही. हा प्रश्न मी टाकी धुण्याच्या दिवसांपुरता ठेवला आहे.

त्या रविवारी घरी परतले तेव्हा पप्पा शेजारी गेले होते. मी कॅन तांदळाच्या पिंपामागे ठेवला आणि डोकं दुखतंय म्हणून आडवी झाले. दुसऱ्या दिवशी उजाडताच विहिरीवर गेले. गणपत बरोबर बोलला होता. पाणी आठव्या पायरीवर उतरलं होतं, बाकीचं जमिनीने ओढून घेतलं होतं. मी पायऱ्या मोजल्या, सगळ्या, एकोणीसपर्यंत, पाण्याखालच्या अंदाजाने. मग पंप चालू केला, फावडं घेतलं आणि पाण्याचा पाट पानवेलींकडे वळवला. एका ओळीला पुरेसं झालं की माती ओढून पाट बंद करायचा, पुढची ओळ उघडायची. मधूनमधून पाइपच्या तोंडाशी जाऊन ओंजळभर पाणी चाखायचे. गोड होतं, मग कमी गोड, आणि केळींच्या दुसऱ्या रांगेला पोचलं तेव्हा जिभेला मीठ लागलं. मी पंप बंद केला. फावडं धुऊन भिंतीला टेकवलं.

घरात येऊन तांदळाच्या पिंपामागचा कॅन काढला आणि त्यातल्या पाण्याचा चहा टाकला. फाटला नाही. पप्पा ओटीवर बसले होते, त्यांना कप नेऊन दिला. त्यांनी एक घोट घेतला, कॅनकडे बघितलं, माझ्या चिखलाच्या पायांकडे बघितलं.

"दादा काय म्हनला?"

"वाया घालवू नको म्हणाले," मी सांगितलं. "आणि कागद पाठवा म्हणाले."

 कॅनमधलं उरलेलं पाणी मी आईला डाळीसाठी दिलं, कॅन विसळला आणि विहिरीच्या कठड्यावर उन्हात उपडा ठेवला.